समुद्रावरील बांधवांची सेवा

ज्याला स्वतःचा धर्मग्राम नाहीं असा ख्रिस्ती मनुष्य असूं शकेल काय? वर्षाचे बहुतेक महिने जहाजावर काढणारा खलाशी हा तसाच मनुष्य होय. त्याचा बाप्तिस्मा आपल्या मंदिरांत झालेला असतो, त्याचीं बायकामुलें आपल्या बांकांवर बसतात. परंतु तो स्वतः आज एका बंदरांत, तर आठवड्यानें परक्या भाषेच्या दुसऱ्याच बंदरांत असतो. अशांची काळजी कोणीं वाहिली, याची हकीकत या महोत्सवाच्या प्रसंगीं वाचकांपुढें ठेवावी असें मनांत आलें.

इ. स. १८९४ त फ्रान्समध्यें एक संस्था निघाली. न्यूफाउंडलंड व आइसलंडच्या थंडगार समुद्रांत कॉड मासे धरणाऱ्या आपल्या कोळ्यांकडे तिनें इस्पितळी गलबतें धाडिलीं. त्यांवर वैद्य असे, धर्मगुरु असे, आणि घरचीं पत्रेंहि असत. औषधापेक्षां पत्राची वाट अधिक पाहिली जात असेल, असें मला वाटतें.

पुढें ता. ४ ऑक्टोबर १९२० रोजीं स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं ‘अपॉस्टलशिप ऑफ द सी’, म्हणजे समुद्रावरील प्रेषितकार्य, या संघाचा पाया घातला गेला. पीटर अॅन्सन, आर्थर गॅनन आणि येशूसंघाचे बंधु डॅनियल शील्ड्स हे त्याचे प्रवर्तक. यांपैकीं एकहि धर्मगुरु नव्हता, ही गोष्ट आम्हां धर्मगुरूंनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे! अॅन्सन हे आरमारी अधिकाऱ्याचे पुत्र. कोळ्यांबरोबर त्यांच्या होड्यांतून हिंडलेले. बंदरांत जहाज लागलें कीं स्वयंसेवकानें वर चढावें, मिस्सेची वेळ सांगावी, जपमाळ द्यावी, आजाऱ्याला इस्पितळांत भेटावें, असें हें साधें काम. इ. स. १९२२ त पोप अकरावे पायस यांनीं त्यास मान्यता दिली. नांगर, जीवरक्षक कडें आणि येशूचें पवित्र हृदय हें त्यांचें चिन्ह.

परंतु ग्लासगोच्या कितीतरी आधीं, एकोणिसाव्या शतकांतच, आपल्या मुंबईंत हेंच कार्य निराळ्या रीतीनें सुरू झालें होतें. धोबी तलाव, कावेल, माझगांव या भागांत गोव्याच्या एकेका गांवानें भाड्याच्या खोल्या घेतल्या. त्यांस ‘कूड’ म्हणत. जहाजावर आचारी वा बटलर म्हणून जाणारा तारवटी नोकरी मिळेपर्यंत तेथें राही. महिन्याची वर्गणी अगदीं अल्प. भिंतीशीं ज्याची त्याची पेटी, समोर गांवच्या संताची वेदी, आणि संध्याकाळीं सर्वांनीं मिळून जपमाळ. खिसा रिकामा असला तरी गांवचा माणूस रस्त्यावर पडत नसे. या खोल्या कोणा सरकारनें वा मठानें काढिल्या नव्हत्या. गांवकऱ्यांनींच गांवकऱ्यांसाठीं त्या चालविल्या. त्यांतील कांहीं आजहि उभ्या आहेत.

ग्लासगोच्या संघास १०० वर्षें झालीं तें साल २०२०. त्याच वर्षीं त्यानें ‘स्टेला मारिस’, समुद्राचा तारा, हें पवित्र मरियेचें नांव धारण केलें. आणि त्याच वर्षीं महामारीमुळें जगांतील लाखों खलाशी मुदत संपूनहि जहाजांवरच अडकले. स्वयंसेवकांस वर जाण्यास बंदी होती. तेव्हां त्यांनीं शिडीच्या पायथ्याशीं किराणा आणि फोनचीं कार्डें ठेविलीं.

त्या दिवसांत आपल्या धर्मग्रामांतील एक भगिनी माझ्याकडे आली. तिचा पति चार महिन्यांपूर्वींच उतरावयाचा होता. पैशाची अडचण आहे काय, असें मीं विचारलें. ती म्हणाली, “नाहीं, फादर. रविवारीं प्रार्थनेंत त्यांचें नांव मोठ्यानें घ्या. मुलांना ऐकूं द्या.”