खासगी कंपनीची कागदपत्रं गावकऱ्याला कशी मिळतात?
लोणी भापकर : खासगी कंपनीला माहिती अधिकार कायदा २००५ सहसा लागू होत नाही. म्हणून अर्ज तिला नव्हे, तिचे कागद ज्या सरकारी कार्यालयात आहेत तिथे करायचा. कारखान्याच्या सांडपाण्याचं संमतीपत्र हवं? महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज द्या. ‘सगळी माहिती द्या’ असं मोघम नको. कागदाचं नाव, वर्ष लिहा. ३० दिवसांत उत्तर हवं, कंपनीचं म्हणणं मागवलं तर ४०. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील. ताळेबंदासाठी एवढी भानगडच नाही, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून तो पाहता येतो. तालुक्यातले सोमेश्वर, माळेगाव कारखाने सहकारी. तिथं सभासदाला शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद कार्यालयातच मोफत बघता येतो.