पिंपरीचं पेनिसिलिन डोळ्यात का पोचलं नाही?

जुन्या मुंबई-पुणे हायवेवरून जाताना पिंपरीतली एचए कंपनी तुम्ही पाहिली असेल. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ ची. १९५५ पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. मग प्रश्न असा, की जंतू मारणारं औषध हाताशी असूनही मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर संसर्ग झालेले डोळे पुढे कित्येक वर्षं का जात राहिले?

या ऑपरेशननंतरचे बरेचसे त्रास आटोक्यात येतात. भिंगामागचा पडदा काही महिन्यांनी गढूळ झाला, तर याग लेसरने त्याला छोटी खिडकी पाडतात. एंडोफ्थॅल्मायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतला संसर्ग, क्वचित होतो. पण झाला तर तासांचा हिशेब असतो.

अडचण औषधाच्या वाटेत होती. रक्त आणि दृष्टिपटल यांच्यामध्ये एक अडसर असतो. शिरेतून दिलेलं औषध तो ओलांडून आतल्या जेलीसारख्या व्हिट्रियसमध्ये पुरेसं उतरत नाही. म्हणून थेट डोळ्यात सुई! १९४० च्या दशकात सशांवर हे करून पाहिलं गेलं, १९७० च्या दशकात ते पद्धतशीरपणे पुढे नेलं गेलं. तरी शिरेतलं औषधही सवयीने सोबत चालूच राहिलं.

ही सवय तपासली अमेरिकेतल्या एका अभ्यासाने. १९९५ मध्ये त्याचे निकाल आले. रुग्ण ४२०. डोळ्यात इंजेक्शन सगळ्यांनाच. शिरेतून औषध मात्र चिठ्ठ्या टाकल्यासारखं, निम्म्यांना. त्याने काही फायदा दिसला नाही. व्हिट्रियस लगेच काढण्याचा मोठा फायदा झाला तो फक्त उजेडच कळणाऱ्या रुग्णांना. हात हललेला दिसत होता, त्यांना इंजेक्शन पुरलं.

इथे थांबा. शिरेतून दिलेली औषधं होती अमिकॅसिन आणि सेफ्टाझिडिम. डोळ्यात दिलेलं व्हॅन्कोमायसिन शिरेतून दिलंच नव्हतं. म्हणजे निष्कर्ष त्या दोन औषधांपुरता. 'शिरेतून काहीच उपयोगाचं नाही' असं लिहिलंत, तर व्हायव्हात अडकाल.

२००७ मध्ये युरोपातल्या अभ्यासाने प्रश्नच अलीकडे आणला: ऑपरेशन संपताना डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात सेफ्युरॉक्झिम सोडलं तर? ते न दिलेल्यांमध्ये संसर्गाचा धोका सुमारे पाचपट निघाला.

तुमच्या विषयातही 'उपाय आहे का?' याच्यापुढे 'तो पोचतो का?' हे विचारा. आणि घरात कुणाचं ऑपरेशन झालं असेल, तर दुखणं, लाली किंवा नजर कमी होणं दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सकाळची वाट बघू नका.