निलगिरी म्हणतो ती कुठली?

सोनईच्या शिवारात उसाच्या बांधावर सरळसोट वाढलेल्या, पांढुरक्या खोडाच्या झाडाला आपण सगळे निलगिरी म्हणतो. सर्दीचे तेल त्याचेच, असाही समज आहे. दोन्ही गोष्टी अर्ध्याच खऱ्या.

औषधी तेलासाठी नावाजलेली निलगिरी, म्हणजे युकॅलिप्टस ग्लोब्युलस, इंग्रजांनी १८४३ मध्ये उटकमंडच्या थंड डोंगरांत आणली. तिथूनच नाव पडले. नेवासे तालुक्याच्या उन्हात ती टिकत नाही. आपल्याकडची बहुतेक झाडे टेरेटिकॉर्निस जातीची किंवा तिच्या संकराची. वनखाते तिला म्हैसूर गम म्हणते.

ओळख कळीवरून पटते. या फुलाला पाकळ्यांऐवजी टोपण असते. ते गळाले की पुंकेसरांचा झुपका बाहेर येतो. ग्लोब्युलसची कळी मोठी, खडबडीत, एकटी आणि टोपण चपटे. आपल्या झाडाच्या कळ्या लहान, घोसात, आणि टोपण शिंगासारखे लांब टोकदार. साल मात्र दोघींचीही सोलून पडते, तिच्यावर जाऊ नका.

आता म्हैसूरचे नाव कुठून आले? वनशास्त्राच्या पुस्तकांत सांगतात की १७९०च्या सुमारास टिपू सुलतानाने बंगळूरजवळच्या नंदी टेकडीवरील बागेत ऑस्ट्रेलियातून आलेल्या बियांची झाडे लावली. शास्त्रज्ञांनी या कुळाला युकॅलिप्टस हे नाव दिले तेच मुळी १७८८च्या आसपास. लालबागेची सुरुवात त्याच्या वडिलांची, हैदर अलींची. टिपूवर भांडणारे दोन्ही बाजूंचे लोक त्याच्या तलवारीवर भांडतात. बियाणे मागवणारा टिपू कुणालाच नको असतो. आणि म्हैसूरच्या झाडाला आपण नाव दिले ते इंग्रजांच्या थंड हवेच्या डोंगराचे!

शेजारच्या नाशिक जिल्ह्यात विनायकदादा पाटलांनी १९८०च्या दशकात निलगिरी उत्पादकांची सहकारी संस्था उभारली आणि हे झाड पीक म्हणून शेतात आले.

लावायची असेल तर बी मोहरीहूनही बारीक असते. गादीवाफ्यात रोपे करून पिशवीत घ्यावीत, पहिल्या चांगल्या पावसानंतर लावावीत. कालव्याखालची पाणी साचणारी काळी जमीन टाळावी. सात-आठ वर्षांनी तोडले की बुंध्याला फुटवे येतात. दोन जोमदार ठेवले की नव्या लागणीशिवाय पुन्हा बल्ल्या मिळतात. विहिरीजवळ मात्र नको, आणि बांधाला लागून असलेल्या चार-दोन सऱ्या मार खातात हे धरूनच चालावे. नंदी टेकडी ज्या कर्नाटकात आहे, त्याच राज्याने भूजलाच्या काळजीने २०१७ मध्ये तिची नवी लागवड बंद केली.