अमेरिकेतील गृह-तपासणी व्यवसायाचा उदय : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक :
सर्वसामान्य कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी म्हणजे घर होय. तथापि भिंतीआड आणि पायाखाली काय दडले आहे, हे खरेदीदारास सहसा दिसत नाही. या अज्ञानाची किंमत कोणी मोजावी, या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत गेले. प्रस्तुत निबंधात अमेरिकेतील गृह-तपासणी व्यवसायाचा या दृष्टीने आढावा घेतला आहे.

'खरेदीदारा, सावध राहा' :
इंग्लंडच्या कॉमन लॉमधून 'कॅव्हिएट एम्प्टॉर' हे तत्त्व अमेरिकेत रुजले. दोष पारखण्याचा भार खरेदीदारावर होता. दुसऱ्या महायुद्धानंतर एकाच साच्याच्या घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या, तेव्हा हे तत्त्व अपुरे पडू लागले. अशा एका घरात नळाच्या अतिउष्ण पाण्याने एक बालक भाजले. त्यातून उद्भवलेल्या 'शिपर विरुद्ध लेव्हिट' या खटल्यात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली घरे बांधणाऱ्या कंपनीवर दायित्व टाकले. परंतु हे संरक्षण नव्या घरांच्या बांधकामापुरते होते. जुने घर विकणारा गृहस्थ व्यावसायिक बांधकामदार नसल्याने जुन्या घराचा खरेदीदार असुरक्षितच राहिला.

व्यवसायाची उभारणी :
ही पोकळी स्वतंत्र तपासनिसांनी भरून काढली. १९७६ साली 'अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स' ही संस्था स्थापन झाली. छप्पर, सांगाडा, नळकाम, वीजजोडणी, उष्णता-यंत्रणा इत्यादींची डोळ्यांनी, तोडफोड न करता केलेली पाहणी असे तपासणीचे स्वरूप रूढ झाले.

योगायोग असा की, याच वर्षी कॅलिफोर्नियातील डायब्लो येथे एक घर १,७०,००० डॉलर्सना विकले गेले. भरावावर उभारलेल्या या घराची जमीन लवकरच खचली. पूर्वीच्या भूस्खलनाची माहिती विक्रेत्यांनी दलालांनाही दिलेली नव्हती. मात्र धोक्याच्या काही खुणा दलालांच्या दृष्टीस पडल्या होत्या. 'ईस्टन विरुद्ध स्ट्रासबर्गर' या खटल्यात अपील न्यायालयाने १९८४ साली असा निर्णय दिला की, दलालाने घराची वाजवी दक्षतेने पाहणी करून आढळलेले दोष खरेदीदारास सांगितले पाहिजेत. १९८५ साली राज्याने हे कर्तव्य कायद्यात अंतर्भूत केले आणि १९८७ पासून विक्रेत्यावरही दोष-प्रकटनाचे विवरणपत्र बंधनकारक झाले.

यावरून एक बाब स्पष्ट होते. तपासनिसाचा अहवाल खरेदीदारास जितका हवा होता, तितकाच तो आता दलाल व विक्रेता यांनाही हवासा झाला. कारण तो त्यांच्यावरील दायित्वाचा भार हलका करणारा दस्तऐवज ठरू शकत होता. विक्रीपूर्व तपासणीची प्रथाही याच हितसंबंधांशी सुसंगत आहे. पण मग तपासनीस नेमका कोणाचा? तो बहुधा दलालाच्या शिफारशीने येई; शिवाय दोष दाखवून दुरुस्तीचे काम स्वतःच मिळविण्याचा मोह होताच. म्हणूनच कॅलिफोर्नियाने १९९६ साली कायदा करून, तपासलेल्या घराची दुरुस्ती बारा महिन्यांच्या आत त्याच तपासनिसाने करण्यास मनाई केली.

अलीकडील वळण व भारतीय संदर्भ :
२०२०-२१ मधील तेजीत अनेक खरेदीदारांनी घर हातचे जाऊ नये म्हणून तपासणीचा हक्कच सोडला. 'सावध राहा' हे जुने तत्त्व जणू मागील दाराने परतले. मॅसॅच्युसेट्स राज्याने ऑक्टोबर २०२५ पासून, हा हक्क सोडण्याची अट विक्रेत्यास घालता येणार नाही, असा नियम लागू केला.

भारतात मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, सामान्य दक्षतेने न कळणारा महत्त्वाचा दोष माहीत असल्यास तो सांगणे हे, वेगळा करार नसेल तर, विक्रेत्याचे कर्तव्य आहे. २०१६ च्या रेरा अधिनियमाने ताब्यानंतर पाच वर्षांच्या आत निदर्शनास आणलेल्या बांधकाम-दोषांचे दायित्व प्रवर्तकावर टाकले. मात्र जुन्या सदनिकेच्या पुनर्विक्रीत त्रयस्थ तपासणी सक्तीची नाही. शिपर खटल्यानंतर अमेरिकेत उरलेली पोकळी येथे अद्यापि जाणवते.

निष्कर्ष :
गृह-तपासणीचा इतिहास हा केवळ तंत्राचा नव्हे, तर दायित्व-वाटपाचा इतिहास होय. तपासनीस निर्माण करणे पुरेसे नाही; त्याची निष्ठा खरेदीदाराशी राहील अशी कायदेशीर चौकटही आवश्यक ठरते.