अवजल : चैत्रात चढणारी नदी आणि तिच्या काठी गळ टाकणारी माणसं

मुंबईहून गोव्याकडे निघालात की नागोठण्यानंतर खांब लागतं आणि पुढे थोड्याच वेळात कोलाड. तिथल्या पुलावरून खाली पाहिलंत तर एक गोष्ट खटकायला हवी. चैत्र उलटत आलाय, डोंगर पिवळे पडलेत, कोकणातल्या लहान नद्या एव्हाना तुटून डोहाडोहांत उरल्यात. आणि इथे कुंडलिका मात्र खळाळत वाहतेय. सकाळच्या वेळी तर तिच्यावर रबरी होड्या आणि शिरस्त्राणं घातलेले पर्यटक दिसतात. पण सतत इकडून जाणाऱ्यांना त्याचं काहीच वाटत नाही. मलाही कितीतरी वर्षं वाटलं नव्हतं.

ते वाटलं एका गळवाल्या आजोबांमुळे. माझं संशोधन पश्चिम घाटातून कोकणात वळवलेल्या पाण्याच्या इतिहासावर आहे. त्या कामासाठी काठाकाठाने फिरताना ते भेटले. खडकावर बसले होते, बांबूची काठी, गळाला गांडूळ. बोलता बोलता एकदम उठले, पिशवी उचलली आणि म्हणाले, "चल पोरा, वर चल. पाणी येतंय." मला काहीच दिसलं नव्हतं. त्यांनी समोरच्या एका दगडाकडे बोट केलं. त्या दगडाची कोरडी कड ओली झाली होती, बस्स. थोड्या वेळाने आम्ही जिथे बसलो होतो तो खडक पाण्याखाली होता. आभाळात ढग नव्हता.

मग ही नदी पावसाविना चढते कशी? या प्रश्नाचं उत्तर सह्याद्रीच्या पलीकडे, पुणे जिल्ह्यात आहे. म्हणून आज थोडा घाट चढू या.

दुसऱ्या खोऱ्याचं पाणी

मुळा नदी सह्याद्रीत उगवते आणि पूर्वेला वाहते. पुण्यात मुठेला भेटते, मग भीमा, मग कृष्णा, आणि शेवटी बंगालचा उपसागर. निसर्गाच्या हिशेबात तिचा कोकणाशी काही संबंध नाही. पण घाटमाथ्याचा भूगोल मजेशीर आहे. तिथे पाऊस प्रचंड आणि पश्चिमेला लगेच सरळसोट कडा. पूर्वेला वाहणारं पाणी अडवून बोगद्यातून पश्चिमेला सोडलं, तर ते सुमारे ५०० मीटर खाली कोसळतं. एवढ्या उंचीवरून पडणारं पाणी म्हणजे वीज. मुंबईच्या गिरण्यांना ती हवी होती. टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झालं होतं, त्यानंतर भिवपुरी, आणि तिसरं भिरा. भिऱ्यासाठी मुळशीला मुळेवर धरण बांधायचं ठरलं.

पुढचा भाग तुम्ही शाळेत दोन ओळींत वाचला असेल. पन्नासहून अधिक गावांवर संकट आलं. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून 'सेनापती' झाले. विनायकराव भुस्कुटे त्यांच्याबरोबर होते. १९२४ पर्यंत लढा विझत गेला, धरण झालं आणि १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजकेंद्र चालू झालं.

शाळेत न सांगितलेली एक गोष्ट राजेंद्र व्होरा यांच्या अभ्यासातून कळते. मुळशीची जमीन कसणारे मावळे होते, पण कर्जापायी त्यातली बरीच जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेलेली होती. मोबदल्याची भाषा सुरू झाल्यावर दोघांचे हितसंबंध वेगळे झाले. ज्याचं नाव कागदावर, त्याला मोबदला. ज्याचे पाय चिखलात, तो बाहेर. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

'अवजल' म्हणजे काय?

आता मुळेचं पाणी भिऱ्याला पडलं, चाकं फिरली, वीज तारेवरून मुंबईला गेली. पाण्याचं काय? वीजकेंद्राच्या दृष्टीने त्याचं काम संपलं. अशा पाण्याला आपल्या सरकारी मराठीत फार बोलका शब्द आहे : अवजल. वापरून झालेलं, खालच्या बाजूला सोडून दिलेलं पाणी. पुढे याच पाण्यावर आणखी वीज काढणारा सरकारी प्रकल्प उभा राहिला. त्याचं नावही 'भिरा अवजल'.

हे अवजल कुंडलिकेत येतं. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यातून त्यातलं काही कालव्यांत जातं. खांब-कोलाडच्या पट्ट्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये हिरवीगार उन्हाळी भातं दिसतात ती या कालव्यांच्या जिवावर. धाटावची औद्योगिक वसाहत याच नदीचं पाणी घेते. राफ्टिंगचा सगळा धंदा याच पाण्यावर. उरलेलं रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत समुद्राला मिळतं. म्हणजे एका बाजूला ज्याचं काम संपलं, दुसऱ्या बाजूला त्याच पाण्यावर अख्खं खोरं उभं आहे.

फक्त एक अट आहे. या नदीला वेळापत्रक आहे, आणि ते नदीने ठरवलेलं नाही. कोळशावरचं वीजकेंद्र थंडावलं तर पुन्हा सुरू व्हायला कित्येक तास जातात, जलविद्युत केंद्र काही मिनिटांत चालू होतं. म्हणून विजेची मागणी चढली की पाणी सोडायचं, उतरली की बंद करायचं, हा जगभरचा रिवाज. मुंबईत लाखो पंखे आणि एसी सुरू होतात, तेव्हा कोलाडच्या खडकावरचा माणूस पिशवी उचलतो.

जिथे अशा नद्यांवर ट्राउट धरतात

अशा नद्या जगात पुष्कळ आहेत, आणि गंमत म्हणजे त्यातल्या काही मासेमारीच्या हौसेसाठीच प्रसिद्ध आहेत. अमेरिकेत टेनेसी राज्यात नॉरिस धरण १९३६ मध्ये पुरं झालं, आर्कान्सामध्ये बुल शोल्स धरण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला. खोल जलाशयाच्या तळाचं पाणी उन्हाळ्यातही गारठलेलं असतं. ते खाली सोडल्यावर पूर्वी कोमट असलेली नदी थंड झाली. तिथले मूळचे मासे त्या गारठ्यात टिकेनात. मग तिथे ट्राउट आणून सोडले. हा थंड पाण्याचा मासा, पाणी वीस अंशांच्या बरंच वर गेलं की त्याला सोसत नाही. आता वसंतात लोक पिसं आणि दोरा गुंडाळून बनवलेला खोटा किडा, म्हणजे 'फ्लाय', घेऊन तिथे कंबरभर पाण्यात उभे राहतात. घरून निघण्याआधी धरणाचं वेळापत्रक बघतात, कारण पाणी कधी सुटणार हे जाहीर केलेलं असतं.

भारतातही इंग्रजांनी १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये आणि नंतर निलगिरीत ट्राउट रुजवले. कुंडलिकेत ते शक्य नाही, कोकणातलं पाणी त्यांच्यासाठी फार उबदार. पण माझा मुद्दा मासा कोणता हा नाही. आर्कान्सामध्ये धरणाने मासेमारी बुडाली हे सरकारने मान्य केलं आणि भरपाई म्हणून मत्स्यबीज केंद्र बांधलं. नॉरफोर्कचं केंद्र १९५७ चं. म्हणजे तिथे गळ टाकणारा माणूस धरणाच्या हिशेबात धरला गेला. इथे?

मुळेचा मासा

इथेही मत्स्यबीज केंद्र झालं, पण त्याची गोष्ट वेगळी आहे. ती सुरू होते याच मुळेवर.

विल्यम हेन्री सायक्स हा कंपनी सरकारच्या सैन्यातला अधिकारी. दख्खनची आकडेवारी गोळा करायचं काम त्याच्याकडे होतं, आणि छंद पशुपक्ष्यांचा. १८३९ मध्ये त्याने दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली. नावं देताना त्याने एक छान काम केलं. स्थानिक लोक जे म्हणत तेच शब्द लॅटिन नावांत घातले : खुद्री, मुसुल्ला, कोलस, पोटैल. यातला 'खुद्री' म्हणजे आपला महासीर. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून त्याचं वर्णन झालं. आजही जगभरच्या पुस्तकांत त्याचं नाव टॉर खुद्री असंच आहे. कोणा अनाम मराठी मासेमाराचा शब्द शास्त्रात कायमचा नोंदला गेला. मासेमाराचं नाव मात्र नाही.

महासीर वाहत्या, स्वच्छ पाण्याचा मासा. पावसाळ्यात वरच्या अंगाला चढून खडी-वाळूत अंडी घालतो. बंधारे आणि धरणांनी नद्या अडल्या, सुरुंग लावून मासे मारणं वाढलं, तसा तो कमी होत गेला. १९७० च्या सुमारास लोणावळ्याजवळ टाटांच्या वळवण तलावाशी त्याचं कृत्रिम प्रजनन सुरू झालं. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. माशाच्या पोटातली अंडी हाताने दाबून काढायची, फळवायची, पिल्लं वाढवायची. काम खरंच मोठं होतं. इथली लाखो पिल्लं देशभरच्या जलाशयांत गेली.

त्यातली काही कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. तिथे आधीच एक महासीर होता, पाठीला कुबड असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महासीरांपैकी. आपला खुद्री तिथे इतका फोफावला की मूळचा मासा मागे पडत गेला. २०१८ मध्ये कुबड्या महासीर 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेला. आता पाहा, हे कळलं कसं? सरकारी आकड्यांतून नव्हे. कावेरीकाठी गळाने मासे धरून सोडून देणाऱ्या हौशी मंडळींचा एक तळ होता. त्यांनी १९९८ ते २०१२ अशा वर्षांत धरलेल्या माशांच्या नोंदी ठेवल्या होत्या. वह्यांतल्या त्या नोंदींवरून शास्त्रज्ञांना दिसलं की एक मासा वाढत गेला आणि दुसरा आटत गेला.

माझ्यासारख्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे वाचून धक्काच बसला. गळ टाकणाऱ्याची वही हा पुरावा असतो!

दोन घड्याळं

आता परत कोलाडला या. रायगडात मासेमारीचं जुनं घड्याळ आहे वलगण. पहिल्या दणदणीत पावसात ओढे-नाले फुगतात आणि मासे उलट्या दिशेने, वर, शेतांपर्यंत चढतात. अंडी घालायला. रात्री बत्त्या घेऊन वलगणीचे मासे धरायला गेला नाही असा माणूस आमच्या भागात विरळा. पाणी चढलं म्हणजे चला, हा माशाच्या अंगात मुरलेला हुकूम.

वीजकेंद्राच्या खालच्या नदीत पाणी रोज चढतं आणि रोज उतरतं. अशा नद्यांवर जगभर जे अभ्यास झालेत ते सांगतात की सर्वांत जास्त फटका बसतो काठच्या उथळ पाण्याला. चढत्या पाण्याबरोबर पिल्लं काठाला येतात, पाणी झपकन ओसरलं की खळग्यांत अडकतात. आजोबांनी मला तेच दाखवलं. पाणी ओसरल्यावर खडकातल्या परातीएवढ्या खळग्यात बोटभर मासे फिरत होते. वर ऊन. ते म्हणाले, "हे पाणी उद्यापर्यंत आलं तर वाचले." आणि ओंजळीने त्यांतले काही नदीत टाकले. हिशेब कुठेच लिहिला नाही.

मग प्रश्न काय आहे?

प्रश्न पाणी परत करण्याचा आहे. भीमा खोऱ्यातली दुष्काळी गावं बरीच वर्षं म्हणत आहेत की टाटांच्या धरणांतून पश्चिमेला जाणारं पाणी पूर्वेला परत सोडा. मागणी अन्यायाची नाही, पाणी मुळात त्यांच्याच खोऱ्याचं. पण ते थांबलं तर चैत्रातली कुंडलिका कोकणातल्या इतर नद्यांसारखी डोहांत तुटेल. खांबची उन्हाळी भातं, कोलाडच्या होड्या, गळवाले, सगळ्यांवर त्याचा परिणाम होईल.

अशा वादात निकाल कसा लागतो ते जुन्या कागदांत दिसतं. १९६९ मध्ये नेमलेल्या कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, चालू असलेल्या वापरांना संरक्षण दिलं. टाटांचं वळवलेलं पाणी त्यात धरलं गेलं : कोणत्याही सलग पाच वर्षांत २१२ टीएमसीपर्यंत, म्हणजे वर्षाला सरासरी ४२ च्या आसपास. का? कारण तो वापर मोजलेला होता, नोंदलेला होता, दाखवता येत होता. मुळशीत कागदावरच्या नावाला मोबदला मिळाला. लवादापुढे कागदावरच्या घनफुटांना संरक्षण मिळालं. कुंडलिकेकाठी चार पिढ्या या अवजलावर जगल्या, पण गळ, पाग आणि खळग्यातल्या पिल्लांसाठी कुठल्याच तक्त्यात रकाना नाही. उद्या कोणी विचारलं की या पाण्यावर कोण कोण जगतं, तर कारखान्याकडे बिल असेल, कालव्याकडे पाणीपट्टी असेल, राफ्टिंगवाल्याकडे पावती असेल. आजोबांकडे फक्त त्या दगडाची कड आहे.

पाणी कुणाला द्यावं हे माझा प्रबंध ठरवणार नाही. पण मोजदाद अर्धवट असताना ते ठरू नये, एवढं मला कळलंय. म्हणून एक विनंती. तुम्ही खांब, कोलाड, रोह्याकडचे असाल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा : पूर्वी कोणता मासा कुठे मिळायचा, कोणत्या महिन्यात, पाणी किती वाजता यायचं, आणि काय मिळेनासं झालं. साध्या शाळेच्या वहीत, तारीख घालून लिहून ठेवा.

मी आजोबांसाठी अशी एक वही नेली होती. लिहिता येत नाही म्हणाले. मग ठरलं असं की त्यांची नात लिहिणार, ते सांगणार. पहिल्या पानावर तिने तारीख घातली, खाली 'पाणी आले' असं लिहून वेळ टाकली, आणि मग विचारलं, "आबा, आज किती मिळाले?"

"दोन मळे," ते म्हणाले. "आणि एक सोडला, तोही लिही."