वॉर्साचा राजप्रासाद : आरेखनांनी राखलेला वारसा

पोलंडची राजधानी वॉर्सा येथील राजप्रासाद शतकांपूर्वीचा भासत असला, तरी त्याचा बहुतांश भाग १९७१ नंतर नव्याने उभारलेला आहे.

१७ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन माऱ्यात प्रासादाला आग लागली. कला-इतिहासकार स्टानिस्लाव लोरेंट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवावर उदार होऊन चित्रांसह अंतर्भागातील सजावटीचे तुकडेही बाहेर काढले. १९४४ मध्ये नाझींनी सुरुंग लावून उर्वरित वास्तू जमीनदोस्त केली. त्याच वर्षी वास्तुविशारद यान झाख्वातोविच यांनी शहरातील ऐतिहासिक इमारतींची मोजमाप-आरेखने पिओत्रकुफच्या मठात दडवून वाचविली.

प्रासादाच्या पुनर्बांधणीत १८व्या शतकातील वास्तुविशारद मेर्लिनी आणि कामसेट्झर यांची दालनांची आरेखने, जुनी छायाचित्रे व जपलेले अवशेष उपयोगी पडले. छायाचित्रावरून दालनाचे रूप कळते. भिंतीची जाडी, कमानीचा व्यास, छताची उंची मात्र आरेखनच नेमकेपणाने सांगते. कोणता अवशेष मूळ कुठे होता, हेही त्यावरूनच ठरविता येते.

१९८४ मध्ये दालने प्रेक्षकांसाठी खुली झाली. वास्तू सुस्थितीत असतानाच तिचे मोजमाप व्हायला हवे, हा या प्रासादाचा धडा आहे. ढिगाऱ्याचे मोजमाप घेऊन दालन उभे राहत नाही.