अमेरिकेत कॉलेज सॉकर : कोणत्या स्पर्धेला जायचं आणि कोणती सोडायची

बेळगाव, कोल्हापूर, मडगाव, बडोदा, इंदूर, हैदराबाद. यातलं कुठलंही गाव घ्या, कुणाचा तरी भाचा नाहीतर पुतणी न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात वाढत असतेच. त्यातली बरीच मुलं शनिवार-रविवारी सॉकरच्या मैदानावर असतात. (तिकडं फुटबॉल म्हटलं की हातात चेंडू घेऊन पळायचा वेगळाच खेळ समजतात. म्हणून या लेखापुरतं आपल्या फुटबॉलला सॉकरच म्हणू.) मूल नववी-दहावीत गेलं की घरात एक नवा शब्द शिरतो, ‘शोकेस’. क्लबकडून मेल येते, अमुक गावाला स्पर्धा आहे, शंभर कॉलेजांचे कोच येणार आहेत, पैसे भरा. आई-बाबा भरतात. वर्षात अशा चार-पाच वाऱ्या झाल्यावर आजोबांना फोनवर सांगायला काहीच नसतं.

म्हणून हे सविस्तर. तिकडच्या नातेवाइकांना पाठवायला उपयोगी पडेल, आणि इकडून अमेरिकेत शिकायला जायचं मनात असलेल्या खेळाडूंनाही.

शोकेस म्हणजे नेमकं काय

शोकेस ही क्लब संघांची स्पर्धा, पण करंडकासाठी नव्हे. दोन-तीन दिवसांत प्रत्येक संघाला तीन-चार सामने ठरवून दिलेले असतात, बऱ्याचदा अंतिम सामनाच नसतो. कॉलेजच्या कोचना एका जागी पुष्कळ खेळाडू बघता यावेत, एवढाच हेतू. शाळेच्या संघाला यात तेवढं महत्त्व नाही. त्याचं कारण साधं आहे. बऱ्याच राज्यांत शाळांचा हंगाम ऑगस्ट ते नोव्हेंबर असतो, आणि नेमका तोच कॉलेजांचा हंगाम. कोच स्वतःच्या संघात अडकलेला असतो, तो शाळेचे सामने बघणार कधी?

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर माणूस संघ बघायला जातो. पाटाकडील असो की खंडोबा, पेठ आपली, संघ आपला. शोकेसला कोच घडीची खुर्ची घेऊन येतो तो एखाद-दुसरा खेळाडू बघायला. बाकीच्या वीस जणांनी कितीही चांगला खेळ केला तरी त्याची नजर त्या एका जर्सी नंबरवर असते.

कोच यादी घेऊनच येतो

सगळ्यात मोठा गैरसमज इथंच आहे. पालकांना वाटतं, मुलगी चांगली खेळली की कुणीतरी कोच बघेल आणि नाव टिपून घेईल. असं कधीतरी होतंही. पण वीस मैदानांवर एकाच वेळी सामने चालू असताना कोच दिवसभरात पाच-सहा सामन्यांचे तुकडे बघतो, आणि ते कुठले हे त्यानं आदल्या रात्रीच ठरवलेलं असतं. त्याच्या यादीत नाव कुणाचं? ज्यांनी आधी मेल केली, व्हिडिओ पाठवला, ज्यांच्या क्लब कोचचा फोन आला त्यांचं. ‘शंभर कोच येणार’ याचा अर्थ शंभर कोच आवारात असतील, तुमच्या मैदानाशेजारी नव्हे.

म्हणून स्पर्धा निवडायची तर उलट्या टोकानं सुरुवात करायची. आधी वीस-पंचवीस कॉलेजांची यादी करा. तिथं मुलाला हवा तो विषय आहे का, गुण पुरतात का, खर्च झेपतो का आणि सध्याच्या संघात त्याच्या जागेवर कोण कुठल्या वर्षाला आहे, हे सगळं कॉलेजच्या संकेतस्थळावर दिसतं. मग त्या कोचनाच विचारा, ‘या वर्षी तुम्ही कुठल्या स्पर्धांना जाताय?’ बरेच जण त्यांच्या वेळापत्रकाचा अंदाज देतात. यादीतले पाच-सहा कोच जिथं जमणार, ती तुमची स्पर्धा. मग तिचं नाव कमी गाजलेलं असलं तरी चालतं.

यात कॉलेजचा स्तर फार महत्त्वाचा ठरतो. एनसीएए या संस्थेत तीन विभाग आहेत. पहिल्या विभागात पुरुषांचे दोनशेहून थोडे अधिक संघ, महिलांचे जवळपास साडेतीनशे. तिसऱ्या विभागात दोन्हीकडं चारशेच्या पुढं. पहिल्या विभागातल्या मोठ्या विद्यापीठाकडं तीन-चार प्रशिक्षक आणि विमानाचा खर्च असतो, ते देशभर फिरतात. तिसऱ्या विभागातल्या छोट्या कॉलेजात कोच आणि एखादा मदतनीस, ते गाडीनं जाता येईल तेवढंच बघतात. पेनसिल्व्हेनियातली छोटी कॉलेजं मनात असतील तर सॅन दिएगोला जाऊन काय साधणार? त्यांचे कोच न्यू जर्सीत नाहीतर व्हर्जिनियातच भेटतील.

नावाजलेल्या स्पर्धा आणि आत शिरायची वाट

इथं एक गोष्ट क्लबवाले उघड सांगत नाहीत. मोठ्या शोकेसपैकी काहींना पैसे भरून जाताच येत नाही. मुलींसाठी ईसीएनएल २००९ मध्ये सुरू झाली, मुलांची २०१७ मध्ये. अमेरिकन महासंघाची डेव्हलपमेंट अकॅडमी २०२० मध्ये बंद पडल्यावर त्याच वर्षी मुलांसाठी एमएलएस नेक्स्ट आणि मुलींसाठी गर्ल्स अकॅडमी उभी राहिली. या लीगच्या स्वतःच्या शोकेस असतात, त्यात सदस्य क्लबांचेच संघ खेळतात, आणि पहिल्या विभागातले कोच सगळ्यात जास्त तिथंच दिसतात. म्हणजे पहिल्या विभागाचं स्वप्न असेल तर खरा निर्णय क्लबचा. स्पर्धेचा विचार त्यानंतर.

अर्ज करून जाता येतं अशाही चांगल्या स्पर्धा आहेत. मार्चमध्ये व्हर्जिनियात रिचमंडला जेफरसन कप असतो. मे अखेरीस मेमोरियल डेच्या सुट्टीत न्यू जर्सीत पीडीए क्लबची मुलींची शोकेस भरते, आणि एडिसनच्या आसपास राहणाऱ्या आपल्या लोकांना ती घरापासून जवळ. सॅन दिएगोजवळ सर्फ कप. इस्टरच्या आठवड्यातला डॅलस कप परदेशी संघांसाठी ओळखला जातो. या सगळ्यांना अर्ज काही महिने आधी करावा लागतो आणि संघाची मागची कामगिरी बघून प्रवेश मिळतो.

प्रवेश मिळाला म्हणून हुरळून जायचं नाही. गट कुठला मिळाला ते बघायचं. एकाच वयात वरचा, मधला, खालचा असे गट पाडतात. वरच्या गटाचे सामने मुख्य आवारात, खालच्या गटाचे कधी कधी तीस-चाळीस किलोमीटर लांबच्या दुसऱ्याच मैदानांवर. कोच तिकडं फिरकत नाहीत. क्लबच्या मॅनेजरला सरळ विचारा, ‘गेल्या वर्षी आपला संघ कुठल्या गटात होता, कुठल्या मैदानावर खेळला, आणि किती कोच प्रत्यक्ष उभे होते?’ आयोजक कॉलेजांची जी यादी छापतात ती नोंदणी केलेल्यांची असते, कधी मागच्या वर्षीचीच. तिच्यावर जाऊ नका.

आणखी एक, जरा बोचणारं. मूल वरच्या संघात आहे, पण बाकावर बसतं. तीन सामन्यांत मिळून चाळीस मिनिटं खेळतं. अशा वेळी थोड्या खालच्या संघातून पूर्ण वेळ, आपल्या जागेवर खेळणं चांगलं, असं माझं मत आहे. कोच बाकाकडं बघत नाही. पण ‘वरच्या संघात आहे’ हे नातेवाइकांना सांगायचं सुख पालकांना सोडवत नाही.

हिशेब

संघाची प्रवेश फी साधारण हजार ते दोन हजार डॉलर, ती अठरा-वीस जणांत वाटली की फार वाटत नाही. खरा खर्च बाकीचा. बऱ्याच स्पर्धांत ‘स्टे टू प्ले’ अशी अट असते, म्हणजे आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलातच राहायचं. बाहेर स्वस्त खोली मिळत असली तरी नाही चालत. तीन रात्री, दोघांचं विमान, जेवण, क्लब कोचच्या प्रवासातला वाटा धरला तर लांबच्या एका शोकेसला दीड-दोन हजार डॉलर सहज जातात. अशा पाच म्हणजे दहा हजार. एवढ्या पैशात काय मिळवायचंय ते आधी ठरवलेलं बरं, कारण ‘सॉकरवर कॉलेज फुकट’ ही समजूत बहुतेकांच्या बाबतीत खरी नसते. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्तीच नाही, आयव्ही लीगमध्येही नाही. तिसऱ्या विभागात मदत मिळते ती अभ्यासातल्या गुणांवर किंवा घरच्या उत्पन्नावर, आयव्हीत फक्त उत्पन्नावर. पहिल्या विभागात पूर्वी पुरुष संघाला ९.९ आणि महिला संघाला १४ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, ती सगळ्या संघात तुकड्यातुकड्यानं वाटायचे. २०२५ च्या हाउस खटल्यातल्या तडजोडीनंतर ती मर्यादा गेली आणि तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांत संघच २८ खेळाडूंचा झाला. म्हणजे देण्यावरचं बंधन सुटलं, पण जागा मोजक्या झाल्या. त्यात ट्रान्सफर पोर्टलमुळं कोचला दुसऱ्या कॉलेजातला तयार, वीस वर्षांचा खेळाडू मिळतो, मग सतरा वर्षांच्या पोरासाठी तो थांबेलच असं नाही.

पैशापलीकडचा खर्च शरीराचा. तीन दिवसांत चार सामने, मध्ये गाडीत बसून राहणं. किशोरवयीन मुलींना गुडघ्याच्या एसीएल दुखापतीचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, आणि ही दुखापत झाली की बहुतेकदा ऑपरेशन आणि नऊ महिने ते वर्ष मैदानाबाहेर. नेमकं बघितलं जायचं वर्ष हातचं जातं. वर्षाला दोन किंवा तीन शोकेस, नीट निवडलेल्या, एवढं पुरे.

तारखा, नियम आणि मेल

पहिल्या आणि दुसऱ्या विभागाचे कोच दहावीनंतरच्या १५ जूनपर्यंत खेळाडूशी निवडीबद्दल बोलू शकत नाहीत. फोन नाही, मेलला उत्तर नाही. बघायला मात्र येऊ शकतात, आणि खेळाडूनं मेल पाठवायला काहीच हरकत नाही. म्हणून नववीत, दहावीत उत्तर आलं नाही तर त्याला नकार समजू नका. उलट कोचच्या सहीचं कॅम्पचं आमंत्रण आलं तर फार आनंदूही नका. ते शेकडो जणांना जातं, त्यातून कॉलेजला उत्पन्न असतं. मेलमध्ये तुमच्या मुलीच्या एखाद्या सामन्याचा, खेळाचा उल्लेख असेल तर ती गोष्ट वेगळी. तिसरा विभाग आणि एनएआयए या दुसऱ्या संस्थेच्या कॉलेजांना हे १५ जूनचं बंधन नाही, ते आधीही बोलतात.

या हिशेबानं दहावीचा वसंत आणि अकरावीचं पूर्ण वर्ष महत्त्वाचं. आठवीत विमानानं शोकेसला जाणं म्हणजे सहल. सहल म्हणून जायचं तर खुशाल जा.

स्पर्धेच्या आठ-दहा दिवस आधी निवडलेल्या कोचना मेल जायला हवी, आणि ती मुलानं स्वतः लिहिलेली असावी, बाबांनी नव्हे. विषयाच्या ओळीतच पदवीचं वर्ष, खेळायची जागा, क्लब आणि जर्सी नंबर. आत सामन्यांच्या वेळा, मैदान क्रमांक, गुण, दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ. पाऊस झाला की मैदानं बदलतात, तेव्हा आदल्या रात्री परत दोन ओळी. सामना चालू असताना पालकांनी कोचच्या खुर्चीजवळ जाऊन ओळख काढायची नाही. कोच मैदानाकडं बघतो तसा पालकांकडंही बघतो. पंचावर ओरडणारा बाप त्याच्या वहीत जातो.

इकडून जाणाऱ्यांसाठी

गोवा, बेळगाव, कोल्हापूरकडच्या खेळाडूला शोकेससाठी व्हिसा काढून, लाखो रुपये घालून अमेरिकेला जायची बहुधा गरज नसते. पहिल्या विभागातल्या पुरुष संघांत एक तृतीयांशाहून जास्त खेळाडू परदेशी आहेत, आणि त्यांच्यातले बरेच कोचनी आधी व्हिडिओवरच बघितलेले असतात. फातोर्ड्याच्या किंवा म्हापशाच्या दुलेर मैदानावरचा पूर्ण ९० मिनिटांचा सामना उंचावरून, स्थिर कॅमेऱ्यानं टिपा. नुसते गोल जोडलेली क्लिप पुरत नाही, चेंडू जवळ नसताना मुलगा काय करतो तेही कोचला बघायचं असतं. सामना कुठल्या लीगचा, समोर कोण, हे लिहा. आपल्याकडच्या स्पर्धांची नावं त्यांना ओळखीची नसतात.

याआधी एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरकडं नोंदणी करून नववी ते बारावीचे विषय जुळतात का ते बघा. ठरावीक १६ विषयांची अट आहे. बारावीनंतर वर्ष-दोन वर्षं क्लबकडून खेळत राहिलं, किंवा व्यावसायिक करार केला, तर पात्रतेवर परिणाम होऊ शकतो, तेव्हा सही करण्याआधी विचारा. आणि ‘अमेरिकन कोच येणार’ म्हणून आपल्याच शहरात पैसे घेऊन निवड चाचणी भरत असेल, तर कोच कोण, कुठल्या कॉलेजचा, हे नाव घेऊन विचारा. मग त्या कॉलेजच्या पत्त्यावर स्वतः एक मेल टाकून खात्री करा.

तिकडच्या मुलांसाठी एक बदल जवळ आलाय. यूएस यूथ सॉकर, यूएस क्लब सॉकर आणि एवायएसओ या संस्थांनी २०२६-२७ च्या हंगामापासून वयोगट जानेवारी-डिसेंबरऐवजी १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे ठरवलेत. ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये जन्मलेली मुलं आजवर एक इयत्ता पुढच्या मुलांत खेळायची, ती आता वर्गमित्रांच्या संघात येतील. कोच पदवीच्या वर्षाप्रमाणे शोधतात, त्यामुळं या मुलांचा फायदा आहे. पुढच्या हंगामाचे अर्ज भरण्याआधी मुलाचा संघ कुठल्या वयोगटात जातोय ते क्लबकडून लेखी घ्या.